कदूरला रोज एक पेला पाणी

किर्यात मलाखी
मंगळवार, १९ मे २००९

योएल,

रेवदंड्याहून आलो त्या पहिल्याच वर्षी तुला आणि मला या देशाने मंदबुद्धी ठरवलं होतं. बाबांच्या मागे दोन ट्रंका राहिल्या, त्या आपण वाटून घेतल्या. ही मिळकत मात्र वाटता आली नाही, ती अजून सामाईकच आहे.

आठवतं का? शाळेतल्या बाईने घुबडाचं चित्र समोर धरलं. तू सात वर्षांचा, ताठ उभा राहिलास आणि मराठीत म्हणालास, "घुबड." ती म्हणाली, नाही. तू म्हणालास, "घुबडच आहे, बाई." तिने वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून तू आणि मी मागच्या खोलीत. तिथे मुलांना कागद कापायला देत. रेवदंड्याच्या शाळेत मी तिसरीत पहिली आले होते. इथे माझ्या हातात गोंद आणि कात्री आली. घुबड ओळखलं नाही ते तिने. पण अडाणी ठरलास तू.

आज तू यरुशलेमला सरकारी कचेरीत बसतोस आणि लोक तुझ्या दाराबाहेर थांबतात. मी कारखान्याच्या कामगार समितीत मालकांना घाम फोडत निवृत्त झाले. त्या बाईवरचा राग मी सोडलेला नाही आणि तूही सोडला नसशील असं मी धरून चालले होते. म्हणून परवा सोशल वर्करने तो अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि त्याच्याखाली तुझी सही दिसली तेव्हा मला आधी वाटलं, दुसरा कुणी योएल असेल.

त्यात आपली आई अशी: सेगुलाबाई, वय चौऱ्याऐंशी, मानसिक स्थिती गोंधळलेली, औषधं लपवते, एकटी राहू शकत नाही, तिला बेत आवोतमध्ये हलवावं. वृद्धाश्रम हा शब्द मराठीत म्हणायला लागला असता तर तुझी जीभ अडखळली असती. हिब्रूत मात्र 'वाडवडिलांचं घर'. या भाषेत वाईट गोष्टींना किती छान नावं आहेत. आणि मला विचारलं नाहीस. मी आईच्या खालच्या मजल्यावर राहते, योएल. तू फोन केला असतास तर मी जिना चढून तिलाच विचारून आले असते.

दवाखान्याच्या बोळात मी जे बोलले ते मोठ्याने बोलले, हे कबूल. हादाससमोर बोलायला नको होतं, हेही कबूल. ती तुझी बायको आहे, तिने तुझी बाजू घेतली त्यात तिचं काय चुकलं. पण बोलले त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. त्या दिवसापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र तोडता येत नाही, फार तर फाडता येतं.

तुझ्या बाजूचा पुरावा मला ठाऊक आहे. आई मोरीत पडली, रक्तदाब भलताच चढलेला होता. नर्स रिना घरी आली. तिने विचारलं, नवी गोळी घेतेस का? आई म्हणाली, रोज. रिनाने विचारलं, कुठे आहे दाखव. आईने खिडकीत टांगलेला तुझ्या लेकीचा नेचा दाखवला. आणि रिनाने जवळ जाऊन पाहिलं तर शेवाळात गुलाबी गोळ्या खोचलेल्या.

मी मान्य करते, ऐकायला हे भयंकर आहे. पण आईने आयुष्यात एकही गोष्ट बिनकारण केलेली नाही. कारण मी शोधून काढीन. तोवर तू एवढंच कर, तो अर्ज थांबव.

रूत

*

किर्यात मलाखी
शुक्रवार, २२ मे

योएल,

तुझा निरोप मोबाइलवर मिळाला. "रूती, दाय." पुरे. पंचेचाळीस वर्षांत तू मला ताई म्हणायचं सोडून रूती म्हणायला लागलास आणि एवढ्या मोठ्या पत्राला दोन शब्दांचं उत्तर द्यायला शिकलास. पुरे नाही. कारण सापडलं आहे. बसून वाच.

आज सकाळी मी वर गेले. आई शब्बाथसाठी नारळ खवत होती. मी सरळ विचारलं, हिब्रूत विचारतात तसं.

"आई, कदूर घेतेस का रोज?"

"घेऊ कशाला? देते. रोज सकाळी एक पेला."

"कुणाला देतेस?"

"कदूराला. रिनाने फोनवर सांगितलान ना. बोकेर, कोस मायिम. सकाळी, पेलाभर पाणी. मना हिब्रू येत नाय असा वाटला काय तुला?"

"आणि तुझ्या गोळ्या?"

"त्या डॉक्टरने बंद केल्यान. जुन्या बंद, बोलला."

"नव्या दिल्या ना मग?"

"कुठं दिल्यान? त्या कदूराचा खत तेवढा आला दवाखान्याच्या पिशवीतून. गुलाबी. चार घातले शेवाळात. मेला पिवळाच पडला त्याने. बाकीचा डब्यात ठेवलाय, हवा तर ने तुझ्या गुलाबाला."

मी खाली बसले. खवणीसमोर, जमिनीवर. हसू आवरेना आणि दुसरंही काहीतरी आवरेना.

आता तूच बघ. हिब्रूत चेंडूला कदूर, औषधाच्या गोळीलाही कदूर. तुला हे सांगायला नको, पण तू कधी कान देऊन ऐकलं आहेस का की आईच्या घरात कोणता शब्द कशासाठी आहे? तिच्या औषधाला ती जन्मभर गोळी म्हणत आली. रेवदंड्याला गोळी, इथे गोळी. कदूर हा शब्द तिच्या घरात आला तो सपीरबरोबर. सैन्यातून सुटल्यावर तुझी लेक जपानला गेली, रस्त्याच्या कडेला कानातली विकता विकता तिथे हे शिकून आली: नेच्याच्या मुळांभोवती चिखलाचा लाडू वळायचा, त्यावर शेवाळ लपेटायचं, वरून काळा दोरा. कुंडी नाही, बशी नाही, खिडकीत टांगायचं. पेसाखच्या सणाला तिने तो आजीला दिला. तेव्हापासून ती दर दोन दिवसांनी फोन करते, "सावता, मा श्लोम हाकदूर?" आजी, कदूर बरा आहे ना? आणि आई म्हणते, बरा आहे.

मग एक दिवस दुसरी हिब्रू बोलणारी बाई फोन करते आणि म्हणते, कदूर, रोज सकाळी, पेलाभर पाण्याबरोबर. घरात कदूर एकच. आईने पेला भरला आणि ओतला.

रिना विचारते, कदूर घेतेस? ती म्हणते, रोज. कुठे आहे? खिडकीत. या उत्तरांत चूक दाखव मला. तुझ्या कचेरीत येणाऱ्या शहाण्या माणसांपैकी किती जण इतकी सरळ उत्तरं देतात?

आईचं डोकं शाबूत आहे, योएल. गोंधळ तिच्या डोक्यात नाही, शब्दात आहे. तो शब्द आपण तिच्या घरात दोन दारांनी आत घातला आणि मग म्हणालो, बाई गोंधळली.

मी लगेच सोशल वर्करला फोन केला. तिने शांतपणे ऐकलं, मला ते नकोच होतं. म्हणाली, "फार गोड गोष्ट आहे, रूतबाई. पण डॉक्टरांची तपासणी होणारच. २९ जूनला." मी विचारलं, कोणत्या भाषेत? ती म्हणाली, अर्थात हिब्रूत. प्रश्न छापलेले असतात, रशियनमध्ये मिळतात, अम्हारिकमध्ये मिळतात. मी म्हटलं, मराठीत? तिने विचारलं, हिंदी चालेल का?

तुझ्या सहीनेच हे सुरू झालं, तुझ्याच सहीने थांबेल. आज गोळ्या मी माझ्या हाताने दिल्या. आईला सांगितलं, याही कदूर आहेत. ती म्हणाली, "मंग आधी सांगायचा ना, बाय. उगाच त्या नेच्याला पाजला."

रूत

*

किर्यात मलाखी
रविवार, ३१ मे

योएल,

शावुओतला तू येशील असं आईला वाटत होतं. मी तिला सांगितलं, कचेरीत काम आहे. सणाच्या दिवशी कचेरी बंद असते हे तिला माहीत आहे, तरी तिने मान डोलावली. असत्याला मान डोलावणं हे गोंधळाचं लक्षण असेल तर आपण सगळेच अर्जात बसतो.

आता मला नेच्याबद्दल लिहू दे. तुला वाटेल मी विषय बदलते आहे. नाही बदलत.

रोज पेलाभर पाणी ओतून तो आतून कुजला होता. मी आणि आईने मेजावर वर्तमानपत्र पसरलं आणि दोरा कापला. वास आला तसा वास मी कारखान्याच्या गटाराशिवाय कुठे घेतला नव्हता. शेवाळ काळं, मुळं पिचपिचीत. सपीर फोनवर, मी फोन कानाला लावून मराठीत सांगते आहे, आई करते आहे. मऊ झालेली मुळं कात्रीने काढ. कडक आहेत ती ठेव. पिवळी पानं बुडातून काप. चिखल पिळून टाक, नवा मळ, पण फार दाबू नकोस, मुळांना श्वास घेऊ दे. हिरवं उरलेलं शेवाळ धुऊन परत लपेट. दोरा कमी पडला. आईने काय केलं माहीत आहे? नारळाची शेंडी सोडवली, काथ्या वळला आणि गुंडाळला. सपीरला सांगितलं तर ती म्हणाली, जपानी लोक बेशुद्ध पडतील. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "पडू दे, त्यांना पण एक पेला पाज."

आता नियम असा: ओतायचं नाही, बुडवायचं. बादलीत गोळा सोडायचा, बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत ठेवायचा, मग उचलून तळहातांत हलकेच दाबायचा, थेंब गळायचे थांबले की टांगायचा. रोज नाही. हातात घेऊन बघायचं, हलका लागला तरच. दुपारचं ऊन लागलं की पानं करपतात, म्हणून उत्तरेची खिडकी. आपल्या नळाच्या पाण्यात चुना फार, पानांची टोकं तपकिरी होतात; म्हणून मी एअर कंडिशनरच्या नळीखाली डबा लावला आहे, ते पाणी निवळ असतं. आई रोज गोळा तळहातावर झेलून बघते आणि मला सांगते, आज नको, उद्या. दर वेळी बरोबर असते. नवीन काम शिकते आहे ती, योएल, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. तू तिच्याबद्दल लिहून दिलंस की तिला सूचना समजत नाहीत.

काल मी तिची परीक्षा घेतली. तेच प्रश्न, डॉक्टरांचे, पण मराठीत. वार? बरोबर. ऋतू? "उन्हाळा, दिसत नाय तुला?" पंतप्रधान कोण? "कुठला का असेना, मेला पेन्शन वाढवत नाय." हे उत्तर छापील कागदावर कोणत्या चौकटीत बसतं ते मला सांग. मग तीन शब्द दिले. विहीर, सुई, हलवा. गप्पा मारल्या, चहा झाला, मग विचारले. तिन्ही मिळाले.

सपीर सांगते, तू म्हणालास, रूत प्रत्येक गोष्टीचं भाषण करते. करते. चौसष्ट साली भारतातून आलेल्या आपल्या लोकांना लग्नाच्या वेळी हे खरे यहुदी का म्हणून विचारत होते, तेव्हा यरुशलेमच्या रस्त्यावर धरणं धरून बसलेल्यांत बाबा होते आणि बाबांच्या खांद्यावर तू होतास. तिथे बोलणारे नसते तर तुझं आणि हादासचं लग्न लावायला आधी चार पिढ्यांची चौकशी झाली असती. भाषण ही वाईट सवय असेल, पण तिच्या जिवावर तू संसार केला आहेस.

एक गोष्ट कुणीतरी तुला सांगेल म्हणून मीच सांगते. शुक्रवारी आईने मला दोनदा एस्तेर म्हणून हाक मारली. मी दिसतेच एस्तेर मावशीसारखी. मावशीला जाऊन वीस वर्षं झाली तरी तिचा चेहरा माझ्यावर आहे, त्याला आई काय करणार.

रूत

*

किर्यात मलाखी
मंगळवार, ९ जून

योएल,

काल दुपारी काय झालं ते तुला शेजाऱ्यांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

काल शाराव होता, उन्हाची लाट. यरुशलेमला तुमच्याकडे जरा वारा असतो, इथे सकाळी दहालाच दाराची कडी हाताला भाजत होती. मी बाजारात गेले होते. परत आले तर आई घरात नाही. दार उघडं, चपला जागेवर. ती बसच्या थांब्यावर सापडली. बाकावर बसलेली, मांडीवर बादली, बादलीत नेचा. ओळखीचा एक ड्रायव्हर थांबला होता, त्याने तिला पाण्याची बाटली दिली होती. ती म्हणाली, विहिरीवर नेते.

आता हे लगेच अर्जात लिहू नकोस. मीच तिला सांगत आले होते की नळाचं पाणी याला चालत नाही, चुना आहे. एअर कंडिशनर कालच बिघडला, डबा कोरडा. नेच्याला निवळ पाणी हवं आणि घरात ते नाही. मग माणूस कुठे जाईल? जिथे तिने असे नेचे आयुष्यभर पाहिले, तिथे. विहिरीच्या कडेला, आतल्या बाजूने, पायऱ्यांच्या फटीत. तिचा तर्क सरळ होता, फक्त बस चुकीची होती.

तू हे वाचून काय म्हणशील ते मला ऐकू येतं आहे. म्हण. पण उन्हात तळपाय भाजलेली आई आणि तू यांच्यात तीन महिन्यांत एकही वाक्य झालेलं नाही. तुला तिच्या डोक्याबद्दल मत देण्याचा काय अधिकार आहे? मत माझं आहे. मी तिथे आहे. मी तिचे तळपाय धुतले आणि दही लावलं. ती म्हणाली, "गार वाटतंय." एवढंच. मग झोपली.

सपीर गुरुवारी आली होती, तेही सांगते. ती आजीच्या समोर बसली, गोळा मांडीवर घेऊन काथ्या बघत होती. ती हिब्रूत विचारायची, आई मराठीत सांगायची. मधे मी. सपीरने विचारलं, "सावता, सकाळी काय खाल्लंस?" मी म्हटलं, भाकरी आणि अंडं. सपीरने विचारलं, "सावता, हा शेवटचा कधी भिजवलास?" मी म्हटलं, मंगळवारी. मग तुझी लेक माझ्याकडे, आपल्या आत्याकडे, वळून म्हणाली, "दोदा रूत, मी तुला नाही विचारलं."

"तिला तुझं हिब्रू कळत नाही."

"तू तिला कळायला वेळच देत नाहीस. तुझ्या समितीत पण तूच सगळ्यांच्या वतीने बोलायचीस का?"

हे तिला कुणी शिकवलं? तू. ही तुझी वाक्यं आहेत, तिच्या तोंडून. मी तिला सांगितलं, होय, बोलायचे, कारण बोलणाऱ्याशिवाय त्यांना कुणी विचारलंच नसतं. ती म्हणाली, पण इथे मी विचारते आहे. मग आईने आम्हा दोघींकडे पाहिलं आणि म्हणाली, "भांडू नका गो, पोरींनो, पाहुणे आलेत." घरात आम्ही तिघींशिवाय कुणी नव्हतं. ती थट्टा करत होती. आईला अशी थट्टा करायची सवय आहे, तुलाही माहीत आहे.

नेच्याची टोकं पुन्हा तपकिरी होत आहेत. शारावाच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पानांवर पाण्याचा फवारा मारायला सपीरने सांगितलं आहे. मी मारते. आईला फवाऱ्याचा आवाज आवडत नाही.

अर्ज अजून थांबलेला नाही असं कळलं. तुझ्याकडून हे अपेक्षितच होतं.

रूत

*

किर्यात मलाखी
बुधवार, २४ जून

योएल,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. सपीर उद्या सकाळी यरुशलेमला येते आहे, तिच्या हाती देते, म्हणजे सोमवारच्या आधी तुला मिळेल. तिने ते वाचलेलं नाही. वाचलं तरी तिला मराठी येत नाही, आणि ती चूक तुझी.

आधी तीन शब्दांचं सांगते. विहीर, सुई, हलवा. पहिला तिने सांगितला, तिसरा तिने सांगितला. सुई मी सांगितली. तोंडाने नाही. दोन बोटांनी दोरा ओवल्यासारखं केलं, आणि तिने बघून ओळखलं. मी स्वतःला म्हटलं, ओळखलं म्हणजे आठवलंच. तुला लिहिताना 'तिने सांगितले' असं लिहायला हात धजेना, म्हणून 'तिन्ही मिळाले' लिहिलं. तू सरकारी कागद वाचणारा माणूस आहेस, तुला ते खटकलं असेल.

बसच्या थांब्याचंही पुरतं लिहिलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बाकावर बसले. विचारलं, कुठली विहीर, आई? ती म्हणाली, आपल्या तेलघाण्यामागची. मी म्हटलं, चल घरी. तिने बादली माझ्यापासून दूर ओढली, मला नीट पाहिलं, आणि अगदी मऊपणे विचारलं, जसं आपण दुसऱ्याच्या मुलाला विचारतो तसं, "तू कुणाची गो, बाय?"

मी आयुष्यभर लोकांसमोर उभी राहिले आहे. दगड आले तेव्हा बोलले, पोलीस आले तेव्हा बोलले. इथे बादलीकडे बघत एवढंच म्हटलं, सेगुलाबाईंची. ती म्हणाली, "मंग तिला सांग, मी पाणी घेऊन येते."

आणि तरी, योएल, संध्याकाळी ती उठली, तळपायांना काय झालं विचारलं, मी सांगितलं, आणि ती इतकी हसली. म्हणाली, "मेला नेचा, मना परत रेवदंड्याला पोचवत होता, तेही बसने." कदूरची गोष्ट तिने दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईला स्वतः सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जिथे हसायचं तिथे थांबत. रिनाचा आवाज काढून दाखवला. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. जिला विसर पडला आहे अशी बाई एवढी गोष्ट सांगू शकते का? मला माहीत नाही. सकाळ आणि दुपार यांत ती दोन वेगळ्या बायका असतात. आणि मी त्यातल्या एकीचीच बाजू घेऊन तुला पत्रं लिहीत होते.

म्हणजे तू बरोबर होतास असं मी लिहीत नाही. तू बरोबर आहेस की नाही हे तुलाही माहीत नाही. तू एका नर्सने हिब्रूत ऐकलेल्या उत्तरांवर सही केलीस. ती उत्तरं शहाणी होती, हे मी सिद्ध केलं आहे आणि ते मी सोडणार नाही. पण त्या उत्तरांपलीकडे काहीतरी चाललं आहे, हे मला दिसतं आहे आणि ते मी झाकत होते. कुठे शब्द संपतो आणि कुठे आजार सुरू होतो, हे आपल्यापैकी कुणीच नीट पाहिलेलं नाही. डॉक्टर हिब्रूत विचारणार, आई अर्धं समजणार, अर्धं अंदाजाने सांगणार, तो अंदाजाला गुण देणार नाही. मग कागदावर जे येईल ते आईचं असेल की भाषेचं, हे कधीच कळणार नाही. ती जन्मभर वाडवडिलांच्या घरात पडून राहील, आजूबाजूच्या सगळ्या बायका रशियन बोलणाऱ्या, आणि आपल्याला कधी कळणार नाही की आपण तिला कशासाठी तिथे ठेवलं.

मी दुभाषी म्हणून बसू शकते. डॉक्टरांनी मला विचारलं. मी हो म्हणाले आणि घरी येऊन कळलं की मला बसता येणार नाही. माझा हात पुन्हा सुईत दोरा ओवेल. मी थांबवू शकणार नाही त्याला. मला तिच्यासाठी जिंकायची इतकी सवय आहे की ती हरली तर मला ते दिसणारसुद्धा नाही.

तुझं मराठी गंजलं आहे, हे मला माहीत आहे. तू 'काल' आणि 'उद्या'मध्ये अडखळतोस, हिब्रू शब्द मधे घालतोस. आईला चालतं. सपीरला ती परवा म्हणाली, तुझा बाप लहानपणी फार बडबड्या होता, आता घशात काय अडकलंय त्याच्या? सपीरने मला अर्थ विचारला. मी सांगितला नाही. आज सांगते आहे, तुला.

नेचा खिडकीत आहे. अर्धी पानं गेली. जगेल की नाही ते सपीरलाही सांगता येत नाही. आई आज सकाळी गोळा हातात घेऊन म्हणाली, आज नको. मी हातात घेतला तर तो हलका होता, कोरडा. मी बुडवला नाही. ती झोपल्यावर बुडवीन असं ठरवलं होतं, मग तेही केलं नाही. तुला हे कळणार नाही कदाचित, पण माझ्यासाठी ते अवघड होतं.

तू उत्तर द्यायचं नाहीस तर नको देऊस. माझ्याशी बोलायचं नाहीस तर नको बोलूस. बोळात मी आणखी काय काय बोलले ते आपण नंतर कधीतरी बघू. तिने प्रश्नांची उत्तरं दिली तर तो अर्ज तू आपल्या हाताने परत घ्यायचास. नाही दिली तर तुझ्या सहीखाली मी माझी सही करीन, आणि एकही शब्द बोलणार नाही. मी दाराबाहेर बाकावर बसेन. आत फक्त तुम्ही दोघं आणि डॉक्टर.

सोमवारी, २९ तारखेला, सकाळी दहाला इथल्या दवाखान्यात ये. आईच्या समोर बस, आणि डॉक्टरांचे सगळे प्रश्न तिला तू विचार, मराठीत.

तुझी ताई,
रूत